पायाचा झोका मोजताना : गुहागर ते दाभोळ, सहा महिन्यांच्या नोंदी

मी फिजिओथेरपिस्ट. गुहागर तालुक्यात आणि खाडीपलीकडे दाभोळ भागात घरोघरी जाऊन मणक्याची इजा झालेल्यांचे व्यायाम घेते. पाय किती ताठतो हे आकड्यात मोजायचं कुणाच्या मनात असेल तर आमचं काय काय चुकलं ते कळावं, म्हणून हे लिहून ठेवतेय. रुग्णांची नावं बदलली आहेत. सगळ्यांना विचारूनच लिहिलंय.

१९ जानेवारी २०२५

सुरुवात भांडणातून झाली. अण्णा, वय ५२. चार वर्षांपूर्वी हापूस उतरवताना घळीसकट (आंबे काढायच्या जाळीच्या काठीसकट) झाडावरून खाली आले. इजा डी-८ ला (छातीमागच्या आठव्या मणक्याशी), कमरेखाली संवेदना नाही, पण पाय रात्रभर उडतात. मी त्यांच्या मांडीच्या स्नायूला ॲशवर्थ २ लिहिलं (पाय हाताने हलवून ताठरपणाला आकडा द्यायची पट्टी, आकडा मोठा तितका पाय ताठ). चिपळूणची माझी मैत्रीण, तीही फिजिओच, त्याच आठवड्यात येऊन १+ लिहून गेली. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "नक्की कोणतं? गोळी वाढवू की नको?" दोघीही गप्प.

ही पट्टी १९६४ ची. १९८७ मध्ये बोहॅनन आणि स्मिथ यांनी १ आणि २ च्या मध्ये हे १+ घातलं, आणि आमचा वाद नेमका तिथेच अडकला. पाय किती जोरात हलवला, आदल्या रात्री मला झोप किती झाली होती, सगळं त्या आकड्यात मिसळतं. ताठरपणा वेगावर अवलंबून असतो. माझा हात जलद, तिचा सावकाश. मग २ आणि १+ दोन्ही खरंच.

म्हणून ठरवलं, पाय आपोआप पडू दे आणि यंत्राने मोजू दे. वार्टेनबर्गची लोलकाची चाचणी १९५१ पासून आहे. माणूस बाकावर टेकून बसतो, पाय गुडघ्यापासून खाली लोंबतो. पाय आडवा उचलायचा आणि सोडून द्यायचा. सैल पाय घड्याळाच्या लंबकासारखा सहा-सात वेळा झुलतो. ताठ पाय पहिल्याच झोक्यात अडखळतो.

२६ जानेवारी

भाचा रत्नागिरीला डिप्लोमा करतो, इलेक्ट्रॉनिक्सचा. "मावशी, हे तर एका रविवारचं काम आहे," म्हणाला. (त्याचे किती रविवार गेले ते खाली येईलच.) ईएसपी-३२ बोर्ड (छोट्या संगणकासारखा) ४८० रुपये. एमपीयू-६०५० नावाचा हालचाल मोजणारा छोटा सेन्सर, एक बिघडला तर हाताशी असावा म्हणून दोन घेतले, ३८० रुपये. वेल्क्रो पट्टी चिपळुणात शिंप्याच्या सामानाच्या दुकानात, १२० रुपये. पार्सल शृंगारतळीपर्यंत आलं, पुढे आम्हीच आणलं.

२ फेब्रुवारी

दोन संध्याकाळी वाया. यंत्र अर्धा मिनिट चालायचं आणि मरायचं. भाच्याने प्रोग्रॅम तीनदा बदलला, तारा पुन्हा डाखल्या. दोष पॉवर बँकेचा निघाला. बोर्ड इतका थोडा करंट ओढतो की पॉवर बँकेला वाटतं फोन भरून झाला, आणि ती स्वतःला बंद करून घेते. शेवटी एक १८६५० सेल, त्याचा खोका आणि चार्जिंगचा छोटा बोर्ड घेतला, २६० रुपये. यात एक बरं झालं : भिंतीतल्या विजेशी संबंधच राहिला नाही. ज्याला पायाला चटका बसलेला कळत नाही, त्याच्या पायाला प्लगमधली तार जोडायची नाही. लॅपटॉपही बॅटरीवरच.

९ फेब्रुवारी

भाच्याचा पाय टेबलावरून सोडून पाहिला. आलेखाचं टोक कापलेलं, आमच्या सड्यासारखं सपाट. वर डोंगर असायला हवा तिथे पठार.

कारण साधं होतं, पण सापडायला पूर्ण दिवस गेला. सेन्सर सुरू होतो तेव्हा सेकंदाला २५० अंशांपर्यंतच मोजतो. निरोगी पाय सत्तर अंशांचा झोका सव्वा सेकंदाच्या आतच पुरा करतो, त्यामुळे मधल्या क्षणी वेग ४०० च्या घरात जातो. २५० च्या वरचं सगळं यंत्राने छाटून टाकलं. ताठ पाय मुळात त्या वेगाला पोचत नाही, म्हणून अण्णांचा आकडा बरोबर आला असता आणि निरोगी माणसाचा कमी. दोघांतला फरक खोटाच लहान दिसला असता आणि मी खूश होऊन बसले असते. मर्यादा १००० वर नेली. कुणी हे करणार असाल तर पहिली गोष्ट ही तपासा.

१६ फेब्रुवारी

ब्लूटूथवर मधले आकडे गळतात. भाच्याचा प्रोग्रॅम प्रत्येक दोन आकड्यांत १० मिलिसेकंदांचं अंतर धरून चालला होता, म्हणजे गळती झाली की कोन चुकलाच. आता प्रत्येक आकड्याबरोबर बोर्ड स्वतःची वेळ पाठवतो. शिवाय सुरू केल्यावर पाच सेकंद पाय अगदी स्थिर ठेवायचा, म्हणजे सेन्सरची मूळची सरक वजा करता येते. अर्ध्या दिवसात काम झालं.

२३ फेब्रुवारी

बाकाची कथा मोठी आहे, कारण पैसे तिथेच गेले.

अण्णांची खाट बुटकी, पाऊल जमिनीला घासतं. जेवणाचं टेबल अरुंद. सुताराकडून तीन भागांत सुटणारा बाक करून घेतला, रिक्षात आणि धोपावे-दाभोळ फेरीबोटीत नेता यावा असा. पाठ टेकायची फळी एकाच कोनात पक्की, कारण माणूस झोपला की मांडीचा पुढचा स्नायू ताणला जातो आणि बसला की सैलावतो. आज एक कोन, उद्या दुसरा, असं झालं तर आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

उंची मी ७५ सेंटिमीटर सांगितली. पाय मोकळा लोंबायला हवा एवढंच डोक्यात होतं. व्हीलचेअरची बैठक साधारण ५० ची. म्हणजे अण्णांना पंचवीस सेंटिमीटर वर उचलायचं. मुलगा आणि शेजारी मिळून दोघांनी उचलले, अण्णांनी दोघांना शिव्या घातल्या आणि नंतर मला म्हणाले, "बाय, माका मोजायचा हाय का टांगायचा हाय?" बाक परत सुताराकडे. आता ६२. आधी गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं अंतर मोजून त्यावर थोडी मोकळीक धरली असती तर हे तीनशे रुपये वाचले असते. बाक २८०० अधिक कापण्याचे ३००. फोम आणि रेक्झिन ४५०.

बाकाची कड गोल करून त्यावर फोम लावलाच पाहिजे. गुडघ्याच्या खोबणीपासून कड तीन बोटं मागे असावी. टणक कडेवर वीस मिनिटं बसलं तर कातडीला कळ येत नाही, जखम मात्र होते. दरवेळी उतरवल्यावर मांडीची मागची बाजू पाहायची, लालसर डाग अर्ध्या तासात गेला नाही तर पुढचा आठवडा सुट्टी.

९ मार्च

आधी निरोगी पाय. भाच्याचा निर्देशांक (झोक्यावरून काढलेला आकडा, हिशोब खाली) ०.८ च्या आसपास आला तेव्हा घाबरले, पोराला काही झालंय की काय. काही नाही, तो नकळत पाय धरून ठेवत होता. क्रिकेटचा विषय काढला, बोलता बोलता पाय सोडला, १.०२.

हा निर्देशांक ल्युब्लियाना (आता स्लोव्हेनियात) इथल्या बायद आणि वोदोव्निक यांनी १९८४ मध्ये मांडला. पाय सोडल्यापासून पहिल्या झोक्यात जिथवर गेला तो कोन, भागिले सोडल्यापासून शेवटी जिथे थांबला तो कोन, आणि उत्तराला परत १.६ ने भागायचं. सैल पायाचं उत्तर १ च्या घरात. आम्ही वहीत तिन्ही आकडे लिहितो, नुसतं उत्तर नाही. चूक झाली तर ती शोधायला मूळ आकडे लागतातच.

मग पालशेतकडचे एक काका. घर शाकारताना शिडीवरून पडले, इजा अगदी खाली, मणक्याच्या दोरीच्या शेपटाशी. त्यांचे पाय लुळे पण सैल. त्यांचं ११८ भागिले ७४, म्हणजे १.६ ला किंचित कमी, निर्देशांक १.००. सात झोके. काका स्वतःच मोजत होते. मणक्याची इजा झाली म्हणजे पाय ताठणारच असं नसतं. इजा कुठे झाली त्यावर ते ठरतं, आणि वरच्या इजेतही पहिले काही आठवडे पाय सैलच असतात. यंत्र बरोबर चाललंय याची आता खात्री झाली.

पुढचे दोन आठवडे शिमगा. पालखी दारी येणार असताना कुणी पाय मोजून घेत नाही. मीही नाही.

३० मार्च

अण्णांची पहिली खरी मोजणी. आधी हाडांचा एक्स-रे पाहून घेतला, कारण वर्षानुवर्षं भार न पडलेली हाडं ठिसूळ होतात. पाय पडताना मुलाचा हात खाली तयार.

पाच वेळा सोडला. ०.४९, ०.५५, ०.६१, ०.६६, ०.६७. मी सरासरी काढून ०.६० लिहिलं आणि घरी आले. रात्री वही उघडल्यावर दिसलं की आकडे चढतच चाललेत. दर वेळी पाय ताणला जातो तसा तो सैलावतो. सकाळी उठताना, खुर्चीत सरकताना अण्णांना भेटतो तो पहिल्या झोक्याचा पाय, पाचव्याचा नव्हे. माझी सरासरी म्हणजे व्यायाम करून झाल्यानंतरची मोजणी होती.

आता पद्धत अशी : मोजणीआधी पाय ताणायचे नाहीत. तीनदाच सोडायचा, मधे घड्याळ लावून एक मिनिट थांबायचं, आणि पहिला आकडा वेगळा लिहायचा. पाय उचलताना सावकाश. मी एकदा झटकन उचलला तर पूर्ण पाय ताठून हवेतच राहिला, पडलाच नाही. अण्णांची नात टाळ्या वाजवायला लागली. असा प्रयत्न वहीत "ताठला" म्हणून नोंदवायचा, पण हिशोबात धरायचा नाही.

१३ एप्रिल

ही नोंद लिहायला लाज वाटते, म्हणूनच लिहितेय.

दाभोळकडचा मुलगा, २७ वर्षांचा, हायवेवर बाइकवरून पडला. इजा मानेत, सी-६. लघवीची नळी कायमची. बाकावर बसवल्यावर मांडी घसरू नये म्हणून मी रुंद पट्टा आवळला. दुसऱ्या झोक्यानंतर म्हणाला, "मॅडम, डोकं ठणकतंय." चेहरा लाल, कपाळावर घाम. त्याचा रक्तदाब एरवी ९२/६०. लावून पाहिला तर १४८/९०.

कॉलेजात यावर मी मोठं उत्तर लिहिलं होतं : डी-६ किंवा त्यावर इजा असेल तर इजेखाली काहीही टोचलं, तुंबलं, आवळलं की दाब भडकतो, ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. आणि प्रत्यक्षात माझ्याच पट्ट्याखाली नळी दुमडली होती. पट्टा सोडला, त्याला सरळ बसवला, बेल्ट-बटणं सैल केली, नळी मोकळी केली. पिशवी भरभर भरली. दहा मिनिटांनी १०४/६६. आई बाहेर चहा करत होती, तिला आत बोलावून सगळं सांगितलं, लपवलं नाही. दाब उतरला नसता तर सरळ दवाखाना गाठायला लागला असता.

तेव्हापासून : मांडीला पट्टा नाही, कुणालाच नाही. दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मोजणीआधी मूत्राशय रिकामं, नळी डोळ्यांनी टोकापासून टोकापर्यंत पाहायची. डी-६ च्या वर इजा असेल तर दंडाला रक्तदाबाची पट्टी बांधूनच सुरुवात. त्या मुलाची मोजणी मी अजून परत घेतलेली नाही. तो म्हणतो घ्या. मला धीर होत नाही.

४ मे

आंब्याचे दिवस, अण्णांचा मुलगा बागेत, मदतीला कुणी नाही. शेवटी त्यांच्या बायकोने पाय धरला. पहिला झोका ३७ भागिले ७२, निर्देशांक ०.३२. पाच आठवड्यांपूर्वीचा पहिला आकडा ०.४९ होता.

मी धरलं की सेन्सर सरकला. वेल्क्रो पुन्हा बांधली, तेच. घरी येऊन भाच्यावर लावला, १.०१. यंत्र ठीक. मग अण्णांच्या बायकोला फोन केला. काकू म्हणाल्या, "दोन दिस लघवीक वास येतंय, मी म्हटला गर्मीन असात." लघवी तपासली, संसर्ग निघाला. ताप नव्हता, तक्रार नव्हती, जिथे दुखायला हवं तिथे त्यांना कळतच नाही. पाय तेवढे ताठून सांगत होते आणि मी तारा तपासत बसले होते.

वहीत त्याच रात्री नवे रकाने आखले : लघवी (वास, रंग, नळी), शौच किती दिवसांपूर्वी, कातडी, पायाची नखं (मांसात घुसलेलं नख पुरेसं असतं), झोप, गोळी किती वाजता घेतली, मोजणी किती वाजता. हे रकाने पहिल्या दिवसापासून असायला हवे होते. मार्चचे आकडे आता वाचताना कळत नाही की त्या दिवशी अण्णांचं पोट साफ होतं की नव्हतं.

१८ मे

औषधांचा कोर्स संपला. ०.४७.

२५ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. फेरी बंद, खाडीपलीकडे जाता आलं नाही. यंत्र दोन दिवस पिशवीत राहिलं आणि सेन्सरच्या पायांवर हिरवा थर चढला. खारं वारं, त्यात दमट हवा. आकडे मधेच शून्य येत होते. भाच्याने खरवडून पुन्हा डाखलं आणि सगळ्या जोडांवर नेलपॉलिश फासलं, ४० रुपये, माझी लाल. डबा आता तांदळाच्या डब्यासारखा घट्ट झाकणाचा, आत औषधाच्या बाटल्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या.

२२ जून

महिनाभरापूर्वी डॉक्टरांनी आमचे आकडे पाहून बॅक्लोफेन (ताठरपणा कमी करायची गोळी) हळूहळू वाढवलं. आज ८१ भागिले ७२, निर्देशांक ०.७०. मी आलेख अण्णांना दाखवला. मोठ्या आनंदाने.

अण्णा आलेखाकडे बघेनात. "बाय, तुजा कागद बरा झाला, माजा पाय गेला."

विचारलं तेव्हा कळलं. खाटेवरून खुर्चीत येताना ते पाय ताठवून घेत. हाताने मांडीवर थाप मारली की गुडघा ताठायचा, त्या ताठ पायावर क्षणभर भार द्यायचा आणि गर्रकन फिरायचं. चार वर्षांत त्यांनी स्वतः बसवलेली ही युक्ती, मी कधी विचारलीच नव्हती. आता पाय शेवयांसारखा मऊ पडतो. दोन आठवड्यांत दोनदा खाली बसले, मुलाला हाक मारावी लागली. उलट काकू सांगतात, रात्री पाय उडणं थांबलं, दोघांना झोप लागते. दोन्ही खरं.

रात्रीच्या झटक्यांसाठी मी पेन (Penn) या संशोधकाच्या नावाची, झटके मोजायची पट्टी वापरायची : ० म्हणजे नाही, ४ म्हणजे तासाला दहापेक्षा जास्त. ती काकूंना विचारून भरते, अण्णा झोपेत असतात. पण ताठरपणाचा उपयोगही होतो हे त्या पट्टीत कुठेच लिहिता येत नाही. २००७ मध्ये मणक्याच्या इजेसाठी ३५ प्रश्नांची एक प्रश्नावली निघाली, एससीआय-सेट. मागचे सात दिवस डोळ्यांपुढे आणायचे आणि प्रत्येक कामात ताठरपणाने उणे ३ पासून अधिक ३ पर्यंत काय केलं ते सांगायचं. अधिकची बाजू आहे म्हणून ती घेतली. मराठीत तोंडी विचारली, तास गेला. "खाटेवरून उतरताना" या प्रश्नाला अण्णा म्हणाले, "आधी अधिक दोन होता. आता विचारू नको."

डॉक्टरांना हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी सकाळची गोळी कमी केली, रात्रीची तशीच. टप्प्याटप्प्याने. ही गोळी एकदम बंद केली तर भास, आकडी, जिवावरही बेतू शकतं, त्यामुळे अण्णांनी रागात पाकीट कौलांवर फेकायच्या आधीच तसं बजावून आले.

१३ जुलै

सकाळी ०.५४, रात्री जेवणानंतर ०.६८. एकाच दिवसात दोनदा गेले, भर पावसात, स्कूटर एकदा बंद पडली. सकाळी अण्णा एकटे उतरले खाटेवरून, मुलगा दारात उभा होता पण हात लावला नाही. रात्री झटके मधेच येतात, काकूंच्या मते "सोसवतात".

आज चिपळूणची मैत्रीणही आली होती. दुपारी तासाभराचं अंतर ठेवून दोघींनी एकाच पायाची मोजणी घेतली, एकमेकींचा आकडा न बघता. तिचा ०.५८, माझा ०.५६. मग जुन्या सवयीने हातानेही पाहिलं. मी २ लिहिलं. तिने १+.

खर्च सगळा मिळून ४८३० रुपये, येण्याजाण्याचं पेट्रोल आणि भाच्याला खिलवलेली बिर्याणी सोडून. हे यंत्र फक्त गुडघ्याचं. अण्णांचा घोटा थडथडतो, त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. मैत्रिणीला दुसरा सेन्सर दिला आहे, बोर्ड ती घेईल. बाक मात्र एकच, आणि तो सध्या अण्णांच्या पडवीत आहे. काकूंनी त्यावर भाताची पोती रचलीत, वरची फळी ओल धरत नाही म्हणून.